इंजिनाखालची फळी

आमच्या शाळेच्या कपाटात एक वाफेचे इंजिन आहे. इंजिन म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर आगगाडी उभी राहील, म्हणून आधीच सांगतो, ते जेमतेम दीड वीत लांबीचे आहे. एका बाजूला नारळाएवढा पितळी बॉयलर, दुसऱ्या बाजूला अंगठ्याएवढे सिलिंडर आणि त्याच्या शेजारी चहाच्या बशीएवढे बिडाचे जड चाक. बॉयलरखाली स्पिरिटचा दिवा लावायचा, पाणी उकळले की चाकाला बोटाने एक झोका द्यायचा, आणि मग ते आपले आपण धावू लागते. कोणा हितचिंतकाने मी नोकरीला लागण्यापूर्वीच ते शाळेला दिले होते. वर्षातून एका शनिवारी ते कपाटातून निघते, आणि त्या दिवशी ज्यांचा वर्ग नाही ती मुलेसुद्धा खिडक्यांना लोंबकळतात.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीनंतर मी ते उचलायला गेलो, तर इंजिन माझ्या हातात आले आणि त्याखालची फळी कपाटातच राहिली. वाळवीने ती आतून अशी पोखरली होती की वरचे पॉलिश तेवढे जागेवर होते, एखाद्या बुडालेल्या घराण्याच्या अब्रूसारखे. इंजिनाला धक्का लागला नव्हता. फळीचे काय मोठेसे, असे म्हणून मी बाजारातून आंब्याची एक फळी आणली, गिरमिटाने चार भोके पाडली आणि चार बोल्ट दात-ओठ खाऊन आवळले. तासाभरात काम उरकले याचा मला अभिमानच वाटला.

श्रावणात शाळेत छोटेसे प्रदर्शन भरले. पाहुणे आले, पालक आले. दिवा पेटला, वाफ सुटली, मी चाकाला झोका दिला; चाक अर्धा फेरा फिरले आणि थांबले. पुन्हा झोका, पुन्हा अर्धा फेरा. मी ज्योत वाढवली, पाणी बदलले, तेल घातले. शेवटी मुलांना सांगितले, "इंजिन म्हातारे झाले रे आता." पाचवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, गेल्या वर्षी तर पळत होते." त्यावर मला उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र ग्लासगोची ती प्रसिद्ध गोष्ट आठवली, आणि आपल्या अपयशाला केवढी थोर संगत आहे असे वाटून मन थोडे हलके झाले.

शास्त्रातले माझे शिक्षण मॅट्रिकपुरतेच, पण ही गोष्ट समजायला तेवढे पुरते. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात न्यूकॉमेनच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. थॉमस न्यूकॉमेन हा डार्टमथचा लोखंडी सामानाचा व्यापारी. त्याचे मोठे इंजिन १७१२ साली इंग्लंडात डडली कॅसलजवळच्या खाणीतले पाणी उपसू लागले. त्याची रीत अशी: उभ्या सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच थंड पाण्याचा फवारा सोडायचा, वाफेचे पाणी झाले की आत पोकळी होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली लोटतो. दट्ट्याला बांधलेली एक प्रचंड लाकडी तुळई ढेकळीसारखी वर-खाली होते आणि तिचे दुसरे टोक पाणी खेचते. ग्लासगोची प्रतिकृती म्हणजे याच राक्षसाचे तान्हे बाळ, सिलिंडर २ इंच व्यासाचे आणि दट्ट्याची धाव ६ इंचांची. पण ते बाळ चालत नव्हते. दुरुस्तीसाठी ते लंडनला सिसन नावाच्या उपकरणकाराकडेही जाऊन आले. अखेर १७६३ च्या सुमारास ते विद्यापीठातच उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाच्या हाती आले. त्याचे नाव जेम्स वॉट.

किटलीच्या झाकणाची गोष्ट आपण शाळेत सांगतो. ती मुलांना आवडते म्हणून मीही सांगत आलो. पण वॉटला खरा गुरू भेटला तो या बिघडलेल्या प्रतिकृतीत. तिचा बॉयलर दिसायला पुरेसा मोठा होता, तरी चार-सहा फेऱ्यांत वाफ संपून यंत्र थांबे. वॉटने हिशेब मांडला. वस्तू सर्व बाजूंनी दुप्पट केली की तिचा पृष्ठभाग चौपट होतो आणि पोटातली जागा आठपट. याच्या उलट, वस्तू लहान केली की पोट झपाट्याने आटते आणि कातडी तेवढी आटत नाही. म्हणजे छोट्या सिलिंडरमध्ये वाफ थोडी आणि तिला थंड करणारी भिंत फार. त्यातून ती भिंत पितळेची, उष्णता झटकन पिऊन टाकणारी. दर फेऱ्याला फवाऱ्याने सिलिंडर गार होई आणि पुढच्या फेऱ्याची बरीचशी वाफ ते पुन्हा तापवण्यातच खर्ची पडे. मोठ्या इंजिनातही हेच होत होते, पण तिथे कोळशाच्या ढिगाऱ्यापुढे ती उधळपट्टी कोणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती.

यानंतर वॉटने जे केले त्याकडे आपली पुस्तके फारसे लक्ष देत नाहीत, आणि मला तर तेच सर्वांत आवडते. त्याने लाकडाचे सिलिंडर केले! ६ इंच व्यासाचे, १२ इंच धावेचे. लाकूड अळशीच्या तेलात मुरवले, भाजून कोरडे केले आणि त्यात वाफ सोडून पाहिली. लाकूड धातूइतकी उष्णता पीत नाही, हा त्याचा तर्क. वॉटचा बाप ग्रीनॉक बंदरात जहाजांच्या सुतारकामाचा धंदा आणि व्यापार करी. बापाच्या कामाच्या जागी पोराच्या हाती लहानपणीच हत्यारे आली होती. तेव्हा अडचण आल्यावर त्याला लाकूड आठवावे यात नवल नाही. ते सिलिंडर टिकाऊ ठरणार नव्हते आणि वाफेचा नासही पुरता थांबला नाही. पण सिलिंडर सदैव गरम राहिले पाहिजे, ही गाठ त्यातून पक्की बसली. १७६५ साली एका रविवारी ग्लासगोच्या हिरवळीवर फिरताना त्याला उलगडा झाला की वाफ थंड करायची ती वेगळ्या भांड्यात न्यावी, सिलिंडरला गार पाणी लागूच देऊ नये. १७६९ च्या त्याच्या पेटंटात सिलिंडर गरम ठेवण्याचा एक उपाय म्हणून त्याला लाकडाचे वेष्टण घालावे असेही सांगितले आहे. इंजिनांच्या प्रतिकृतींत सिलिंडरभोवती बारीक लाकडी पट्ट्या लावून वर पितळी पट्टा आवळलेला दिसतो, तो नुसता शोभेचा नसतो, त्याचे कूळ इथे आहे. ती मूळ प्रतिकृती ग्लासगोच्या हंटेरियन संग्रहालयात आजही आहे.

तर लाकूड आणि वाफ यांचे सोयरे जुने आहे. आता फळीकडे वळतो.

वॉटच्या काळातल्या मोठ्या इंजिनाला बैठक नव्हतीच, असे म्हटले तरी चालेल. कारण त्याची बैठक म्हणजे सबंध इमारत. इंजिनघराची एक भिंत मुद्दाम जाड बांधत आणि तुळईचा आस त्या भिंतीवर टेकत असे. सिलिंडर चिरेबंदी चौथऱ्यावर बसवून लांब बोल्टांनी खाली जखडत. चाक असले तर त्याच्यासाठी जमिनीत खड्डा करीत, अर्धे चाक वर आणि अर्धे खड्ड्यात. गवंडी आणि सुतार हे इंजिनाचे निम्मे कारागीर होते. लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये बोल्टन आणि वॉट यांचे १७७७ चे एक इंजिन आहे, 'ओल्ड बेस' नावाचे. त्याची तुळई लाकडाची आहे. ओतीव लोखंडाची तुळई रूढ झाली ती शतक संपता संपता. पुढे १८०७ साली हेन्री मॉड्स्ली याने लोखंडी टेबलावर उभे राहणारे इंजिन काढले, तेव्हा इंजिनाला घर सोडून लहान कारखान्यात बिऱ्हाड करणे सोपे झाले.

प्रतिकृती करणाराची पंचाईत इथेच होते. तो सिलिंडर करतो, दट्ट्या करतो, चाक करतो. भिंत, चौथरा आणि खड्डा मात्र मागे राहतो. त्या सगळ्यांचे काम मग एका फळीला करावे लागते. चाकाचा खालचा भाग इंजिनाच्या पायापेक्षा खाली उतरत असेल, तर फळीत खाच पाडायची किंवा इंजिनाखाली ठोकळा द्यायचा. ती खाच म्हणजेच इंजिनघरातला खड्डा. फळीच्या पोटातून वर आलेले चार बोल्ट म्हणजे चौथऱ्यात पुरलेले बोल्ट. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात, तेव्हा आधी दगड-विटा रचून डोंगर उभा करतात आणि मग त्यावर बुरूज चढवतात. डोंगर नीट बसला नाही तर पाडव्याच्या आत शिवाजी महाराजांचे सिंहासन कलते. इंजिनाचेही तसेच.

इंग्लंडात अशी इंजिने घरी करण्याचा छंद एकोणिसाव्या शतकात चांगलाच फोफावला. मुलांसाठी दुकानांत छोटी पितळी आगगाडीची इंजिने मिळत. ती जमिनीवर धावताना मागे पाण्याची रेघ सोडत, म्हणून लोक त्यांना 'लाळगळू' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. आयांना ती फारशी आवडत नसावीत! जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचे खेळणीवाले पत्र्याच्या किंवा लाकडाच्या पाटावर इंजिन बसवून देशोदेशी पाठवीत. पण स्वतः करू पाहणारासाठी १८९८ हे साल महत्त्वाचे. त्या वर्षी पर्सिव्हल मार्शल याने लंडनला 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक सुरू केले, आणि कारकून, मास्तर, घड्याळजी असले लोक घराच्या मागच्या खोलीत लेथ मांडून बसले. त्यांना ओतीव भाग आणि नकाशे पुरवणाऱ्या कंपन्या निघाल्या. स्टुअर्ट टर्नर या कंपनीचे '१० व्ही' नावाचे उभे इंजिन पाऊण इंच व्यासाचे आणि पाऊण इंच धावेचे. त्याचे कच्चे भाग विकत घ्यायचे आणि महिनोन्‌महिने घासत, कातत बसायचे.

या ओतीव भागांमागेही लाकूडच आहे. बीड ओतण्यापूर्वी त्या आकाराचा लाकडी पॅटर्न करावा लागतो. तो वाळूत दाबला की वाळूत पोकळी उठते आणि त्या पोकळीत रस ओततात. रस थंड होताना आक्रसतो, फुटामागे सुमारे अष्टमांश इंच. म्हणून पॅटर्न करणाराची फूटपट्टीच निराळी असते, आक्रसण्याच्या हिशेबाने थोडी लांब केलेली. ही पट्टी मी प्रथम पाहिली तेव्हा ती सदोष आहे असे समजून परत करायला निघालो होतो.

छंदी लोकांचा एक दोष सांगितला पाहिजे. धातूवर ते वर्षभर घाम गाळतात आणि फळी शेवटच्या रविवारी उरकतात. श्रीमंत घरी, संग्रहालयात किंवा कंपनीच्या दिवाणखान्यात मात्र फळीचा थाट असे. ती महोगनीची असायची, कडेला गलथे काढलेले, वर लाखेचे आरशासारखे पॉलिश. या झगमगाटाखालीही थोडे पाहावे. १७२१ साली इंग्लंडने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात उठवली आणि जमैका व होंडुरासच्या किनाऱ्यावरून महोगनीचे ओंडके येऊ लागले. ती झाडे तोडायला आणि ओढायला आफ्रिकेतून धरून नेलेले गुलाम होते. वॉटच्या बापाचा व्यापारही त्याच अटलांटिक समुद्रावरचा. आणि वरची लाख? ती आपल्याकडची. छोटा नागपूरच्या जंगलात पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किडे बसतात, आदिवासी त्या फांद्या खरवडतात, आणि तिचा चपडा होऊन जहाजात चढतो. इंजिनावर इंग्रज कारागिराच्या नावाची पितळी पाटी असे. खालच्या फळीत ज्यांचे हात होते त्यांच्यासाठी पाटी काढण्याची रीत नव्हती.

आपल्या देशातही नमुन्यावरून इंजिन करणारे हात होते. कलकत्त्याजवळ हुगळीकाठी श्रीरामपूर येथे मिशनऱ्यांनी १८२० साली कागदाच्या गिरणीसाठी विलायतेहून वाफेचे इंजिन आणले. नदीच्या पलीकडच्या तीरावर टिटागड. तिथला गोलोकचंद्र नावाचा लोहार ते पाहून गेला आणि कोणा युरोपियनाच्या मदतीशिवाय त्याने आपले इंजिन बांधले. १८२८ साली कलकत्त्याच्या कृषी प्रदर्शनात ते मांडले गेले आणि त्याला ५० रुपये बक्षीस मिळाले. आपल्या मुंबईत अर्देशीर करसेटजी वाडिया यांनीही असेच एक लहान इंजिन तयार केले. वाडियांचे घराणे मुंबई गोदीत सागवानी जहाजे बांधणारे. त्यांच्या तिथे १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही पाण्यावर आहे. अर्देशीर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय. एक लोहार आणि एक जहाज बांधणाराच्या कुळातला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १८५३ साली गेली, हे दोघे त्याआधीचे.

एवढा इतिहास मनात घोळवूनही माझे इंजिन चालेना ते चालेनाच. वॉटसारखा आपणही बॉयलरचा हिशेब मांडावा म्हणून दोन रात्री आकडेमोड केली. शेवटी खुर्चीचा पाय बसवायला शाळेत आलेल्या आमच्या सुतारकाकांनी ते टेबलावर पाहिले. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेच नाही. खिशातली लोखंडी पट्टी काढून फळीवर आडवी धरली आणि म्हणाले, "गुरुजी, इकडं या, उजेडाकडं बघा." पट्टीच्या दोन्ही टोकांखाली उजेड दिसत होता, मधे नव्हता.

"फळी फुगलीय. ओलं लाकूड घेतलंत, वर पावसाळा लागला."

"पण इंजिन तर लोखंडी आहे, काका!"

"लोखंडी म्हणून काय झालं? चारी कोपरे आवळून तुम्ही त्याला या कुबडावर वाकवलंय. कंबर धरलीय त्याची."

त्यांनी चारही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल केले आणि चाकाला बोट लावले. चाक फिरत राहिले. किती वेळ ते मी मोजले नाही, कारण मला त्या पाचवीतल्या मुलीची आठवण होऊन कानकोंडे झाले होते. इंजिनाचा पाय केसभर पिळला की आस दोन्ही आधारांत सरळ राहत नाही, आवळून बसतो. वाफेची सगळी ताकद त्या घर्षणात जिरते. वॉटच्या प्रतिकृतीत दोष खरोखरच इंजिनाच्या तत्त्वात होता; माझ्या बाबतीत तो माझ्या तासाभराच्या कामात होता, आणि मी म्हातारे ठरवले ते इंजिनाला.

नवी फळी करायला काकांनी तीन आठवडे लावले. गावातला एक वाडा पाडत होते, त्याच्या तुळईचा सागवानी तुकडा त्यांनी आणला. शंभर पावसाळे पाहिलेले लाकूड. मी सुचवले की प्लायवूड घेऊ, ते फिरत नाही. "नाही फिरत," त्यांनी कबूल केले, "पण कडा उघड्या पडतात, तेल पिऊन सुटतात." हे कितपत खरे, देव जाणे, मला वाटते त्यांना सागवानावर रंधा मारायचा होता. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत हलते. म्हणून खालच्या दोन आडव्या पट्ट्यांना त्यांनी गोल भोकांऐवजी लांबट भोके पाडली, फळीला श्वास घ्यायला जागा राहावी म्हणून. बोल्टांची डोकी पटाशीने कोरून पोटात बसवली. चाकाखाली खाच काढली. इंजिन ठेवण्याआधी पट्टी उभी, आडवी, तिरपी फिरवून पाहिली आणि कुठूनच उजेड येईना, तेव्हा बोल्ट घातले. तेही आवळले ते दोन बोटांनी.

पॉलिशवरून आमचा थोडा वाद झाला. मला जुन्या फळीसारखी लाखेची चकाकी हवी होती. काका हसले. "दिवा कशाचा? स्पिरिटचा ना? चपडा कशात विरघळवतात? स्पिरिटमध्ये!" म्हणजे दिवा भरताना थेंब सांडला की पॉलिश विरघळलेच, आणि गरम पाण्याने वर पांढरे डाग. मग जुन्या फळीवर बॉयलरखाली तो चिकट, काळपट पट्टा कसला होता, याचा उलगडा इतक्या वर्षांनी झाला. त्यांनी बेलतेल, म्हणजे उकळलेले अळशीचे तेल, फडक्याने चोळले. एक दिवस वाळवायचे, पुन्हा चोळायचे, असे पाच हात. फडकी मात्र त्यांनी गोळा करून टाकू दिली नाहीत, कुंपणावर पसरून वाळवली. अळशीच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप पेट घेतात. लाकूड, अळशीचे तेल आणि वाफ! मी त्यांना ग्लासगोच्या त्या लाकडी सिलिंडरची हकीकत सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "लाकूड कुठलं होतं?" मला सांगता आले नाही.

काम संपल्यावर त्यांनी फळी उलटी केली आणि कानावरची पेन्सिल काढली. मला वाटले नाव घालतील. त्यांनी चार भोकांमधली अंतरे लिहिली, खाचेची खोली लिहिली आणि बाजूला 'तेल, पॉलिश नको' असे लिहून पेन्सिल पुन्हा कानावर ठेवली. तारीख मी घातली.

पुढच्या शनिवारी इंजिन बाहेर निघाले तेव्हा ती मुलगी सहावीत होती. मी सगळ्या वर्गासमोर सांगितले की इंजिन म्हातारे नव्हते, चूक माझी होती. झोका द्यायला तिलाच बोलावले. पाणी संपेपर्यंत चाक थांबले नाही, आणि मग खिडकीतल्या पोरांनी ओरडा केला, "गुरुजी, पुन्हा पाणी घाला!"